पाणी लागलं म्हणजे विहीर फेल नव्हे

औसा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी दोनदा नीटला बसली, दोन्ही वेळा गुण कमी पडले. आता ती कोळशातून गॅस काढायचं शिकायचं म्हणते. ‘लातूरला अजून एक वर्ष ठेवतो, तुम्ही फक्त तिची समजूत काढा,’ असं ते लिहितात.

नमस्कार. तिच्या मार्कांनी मी अस्वस्थ झालो नाही, तुमच्या एका ओळीने झालो: ‘दीड एकर विकून शिकवतोय, हे तिला रोज सांगतो.’ रोज? ज्या पोरीच्या ताटात रोज दीड एकर वाढलं जातं, तिच्या घशाखाली बायोलॉजी कशी उतरणार? जमीन विका असं ती म्हणाली होती का, हे तीन पानांत कुठंच नाही. तिसऱ्या वर्षाला माझा साफ विरोध आहे, आणि समजूत काढायचीच तर आधी तुमची काढावी लागेल.

तुम्ही लिहिता, ‘ती म्हणते आधी पाणी उपसायचं, मग गॅस. पाणी लागलं की गॅसची विहीर फेल, एवढं आम्हालाही कळतं.’ पोरीचं बरोबर आहे. कोळशातला मिथेन पोकळीत साठलेला नसतो. कोळशाच्या बारीक छिद्रांत चिकटून असतो आणि पाण्याचा दाब त्याला धरून ठेवतो. कोळशातल्या भेगांना क्लीट म्हणतात, त्या बहुधा पाण्याने भरलेल्या. पंप लावून ते पाणी काढत राहिलं की दाब उतरतो, मिथेन सुटतो आणि त्याच भेगांतून पाण्याबरोबर वाहू लागतो. एका वाटेवर दोघं. गॅस वाढला की पाण्याची वाट अरुंद होते, म्हणून पाणी घटत जातं आणि गॅस चढतो. याला कित्येक महिने, कधी वर्षंही लागतात. घाईने उपसा केला तर कोळशाचा चुरा सुटून भेगा बुजतात. (उन्हाळ्यात आपला बोअर फसफसतो ती नुसती हवा, तिथं कुणी शेगडी नेऊ नये.)

तिला मात्र एक सांगतो. आपल्याकडे काळा बसाल्ट खडक, कोळसा नाही. हा गॅस कोळशाच्या पट्ट्यांतला: बंगालमधलं राणीगंज, झारखंडमधलं झरिया आणि बोकारो, मध्य प्रदेशातलं सोहागपूर, तिकडचा. देशात त्यावर काम करणाऱ्या कंपन्या मोजक्याच. म्हणून एवढ्या एका गोष्टीवर पदवी बेतू नये. बारावीला गणित होतं का, हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि सगळं त्यावर अडलंय. असेल तर सीईटी देऊन केमिकल किंवा मेकॅनिकल, पुढे गेट म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेतून पेट्रोलियम. आयआयटीच्या जेईई अॅडव्हान्सची मुदत तिच्यासाठी संपली. गणित नसेल तर बीएस्सीला भूविज्ञान, मग जॅम, म्हणजे आयआयटीत एमएस्सीला जायची परीक्षा. नांदेडच्या विद्यापीठात भूविज्ञानाचं शिक्षण आहे. भेगांतून पाणी कसं वाहतं हे कळणाऱ्याला भूजल खात्यातही काम असतं, आणि मराठवाड्यात ते पुरून उरेल इतकं आहे.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही न वाचता पेटीत टाका.