जमीन विकून डॉक्टर करावं का? अहमदपूरच्या एका वडिलांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही एसटीत वाहक आहात. अहमदपूरजवळ पाच एकर जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर. थोरली लेक लातूरला हॉस्टेलवर राहून अकरावी सायन्स करते आणि तिने गणित व जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. घरात दोन उदाहरणं समोर आहेत. पुतण्या हिंजवडीत इंजिनिअर, वय २९, पॅकेज १८ लाख, नुकताच फ्लॅट बुक केलाय. भाची त्याच वयाची, सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होऊन एमडीच्या शेवटच्या वर्षाला, आणि गेल्या दोन दिवाळ्या तिने वॉर्डात काढल्या. पैसा कशात जास्त आणि सुख कशात जास्त, असं तुम्ही विचारलंय. सरकारी मेडिकल हुकलं तर दोन एकर विकून डीम्ड कॉलेजात, म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठात, सीट घ्यावी का, हाही प्रश्न आहे. गिऱ्हाईक ४० लाख द्यायला तयार आहे म्हणता.

पत्राच्या तळाशी लेकीने वेगळ्या शाईत एक ओळ लिहिलीय: "सर, मला रक्ताची भीती वाटत नाही, पण पप्पांची जमीन गेलेली बघवणार नाही." ती तुम्ही वाचली की नाही, मला माहीत नाही. नसेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी ती वाचा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जमीन विकू नका.

डीम्ड कॉलेजात एमबीबीएसची फी आज बहुतेक ठिकाणी वर्षाला २० ते २५ लाख आहे. साडेचार वर्षांचे एक कोटीच्या घरात जातात, हॉस्टेल-मेस वेगळं. जमिनीचे ४० लाख आले तरी ६० लाख कर्ज काढावं लागेल. १० टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी ते फेडायचं तर महिन्याचा हप्ता ६४,५०० रुपये बसतो. शिकत असताना साठणारं व्याज मी यात धरलेलंच नाही, आणि एवढ्या रकमेला बँक तारण मागणार, ते वेगळंच. आता नुकतीच एमबीबीएस झालेली मुलगी खासगी दवाखान्यात आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून लागली तर तिला साधारण ५० ते ७० हजार मिळतात. सगळा पगार हप्त्यात. त्यात पीजीचा, म्हणजे पुढच्या एमडी-एमएसचा, अभ्यास कधी करायचा? पीजी खासगीत करायची वेळ आली तर पुन्हा तोच खड्डा. अशा मुली माझ्यासमोर येऊन बसल्यात. हुशार, कष्टाळू, आणि २७ व्या वर्षी बापाकडे बघायची हिंमत नसलेल्या. तुमच्या लेकीला त्या खुर्चीत बसलेली मला बघायची नाही.

आता एक गोष्ट, जी तुमच्या ओळखीच्या त्या 'सीट करून देणाऱ्या' माणसाने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. तुम्ही ओबीसी प्रवर्गात आहात आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून अशा घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ केली आहे. इंजिनिअरिंगलाही आणि मेडिकललाही. सरकारी कॉलेजात तर आहेच, विनाअनुदानित खासगी कॉलेजातही आहे. अट एकच मोठी: प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा, संस्थास्तरावरचा प्रवेश आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत. म्हणजे लेकीला कॅपमधून खासगी मेडिकलची सीट लागली तरी तिची फी सरकार भरेल, आणि जमीन विकून जिथे जायचं म्हणता तिथे एक रुपयाही मिळणार नाही. डिपॉझिट, वसतिगृह, मेस हा खर्च मात्र तुमचाच, तो धरून चाला.

म्हणून माझ्या दृष्टीने तुमच्यापुढचा प्रश्न डॉक्टर की इंजिनिअर हा नाहीच. गुणवत्तेने मिळालेली सीट की विकत घेतलेली सीट, हा आहे.

पुतण्या आणि भाचीकडे येतो, कारण घरातली सगळी तुलना त्यांच्यावरून चाललीय आणि ती चुकीची चाललीय असं मला वाटतं. पुतण्याचे १८ लाख खरे आहेत, पण तो सरासरी इंजिनिअर नाही. कॅम्पसमधून मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत लागणाऱ्या पोरांना सुरुवातीला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, आणि हा आकडा दहा-बारा वर्षं जवळजवळ हललेला नाही. हातात २५ हजारांच्या आसपास येतात, त्यातले आठ-दहा हजार पुण्यातल्या खोलीला आणि मेसला. दरवर्षी १२ टक्के वाढ धरली, आणि ती सगळ्यांना मिळत नाही, तरी २२ ते २९ या सात वर्षांत त्याची एकूण कमाई ३५ लाखांच्या आसपास होते. पुतण्याने मधे दोनदा कंपनी बदलली असणार, नवं काही शिकला असणार. विचारून बघा.

आता भाची. इंटर्नशिपला आपल्या राज्यात महिन्याला १८ हजार विद्यावेतन आहे, २०२४ पूर्वी ते ११ हजार होतं. मग बाँडचं एक वर्ष, त्याचे सात-आठ लाख धरा. सरकारी कॉलेजातून शिकलं की ही एक वर्षाची सेवा द्यावी लागते, नाही दिली तर १० लाख भरायचे. मग एमडीची तीन वर्षं, महिन्याला ऐंशी हजारांच्या आसपास. बेरीज करा. २९ व्या वर्षापर्यंत तिच्याही हातात ३५ ते ४० लाख येऊन गेलेत. म्हणजे सगळ्या घराला जी अजून 'शिकतेच आहे' वाटते, तिने सरासरी इंजिनिअरएवढं कमावलंय. आणि तिची खरी कमाई आता सुरू होईल.

फरक पैशात कमी आणि त्या वर्षांच्या रूपात जास्त आहे. पुतण्याला २३ व्या वर्षी शनिवार-रविवार होता. भाचीला चोवीस-चोवीस, कधी छत्तीस तासांची ड्यूटी लागली. निवासी डॉक्टरांच्या १९९२ च्या केंद्रीय योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत, पण कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री दोनला जाऊन उभे राहा, ते तास कुठे जातात ते दिसेल. नातेवाइकांचा राग, कधी हात उगारण्यापर्यंत गेलेला, हाही त्याच वर्षांत झेलावा लागतो.

चाळिशीत चित्र उलटं होतं. अहमदपूर, उदगीर, निलंगा अशा गावात चांगला बालरोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ असला की माणसं त्याला सोडत नाहीत. तो आपल्या माणसांत राहतो, आणि त्याचं वय वाढेल तशी त्याची किंमत वाढते. रात्रीचे फोन मात्र सुटत नाहीत, स्त्रीरोगवाल्यांचे तर कधीच नाही. आयटीत पंचेचाळिशीचा माणूस कंपनीला महाग वाटायला लागतो. २०२३-२४ मध्ये कॅम्पस भरती कशी आटली ते आपण पाहिलं, आणि आता साधं कोडिंग यंत्रच करायला लागल्यावर नुसत्या पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्या पूर्वीसारख्या राहणार नाहीत. शिवाय आयटीची नोकरी गावात येत नाही. लेक पुण्यात, बेंगळुरूत नाहीतर परदेशात राहील, हे आताच मनात धरा.

सरकारी नोकरीचाही विचार करता, म्हणून सांगतो. एमबीबीएसनंतर वैद्यकीय अधिकारी गट-अ चं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं. सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंत्याचं ३८,६००. त्यावर महागाई भत्ता वगैरे. पण कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला किती गर्दी असते ते लातूरच्या कुठल्याही अभ्यासिकेत बघायला मिळेल.

भाचीला लग्नाबद्दल किती लोकांनी विचारलं, तेही तिलाच विचारा. एमडीच्या पहिल्या वर्षात पोरगी झोपेला महाग झालेली असते आणि नेमकी तेव्हाच घरून स्थळं यायला लागतात. मुलगा रेसिडेंट असेल तर त्याला कुणी हे विचारत नाही. लेकीला मेडिकलला पाठवायचं असेल तर ३० व्या वर्षापर्यंत हा विषय तिच्यापुढे काढणार नाही, असं तुम्ही दोघांनी आजच एकमेकांना कबूल करा. नातेवाइकांना गप्प बसवायचं कामही तुमचं, तिचं नाही.

आता करायचं काय. गणित सोडू देऊ नका. लातुरात नीटसाठी गणित सोडायचा सल्ला सर्रास देतात, मला तो पटत नाही, कारण एका मे महिन्यातल्या तीन तासांवर सगळी दारं टांगून ठेवायची कशाला? तिने नीट द्यावी, आणि राज्याची एमएचटी-सीईटी पीसीएम (गणिताचा) आणि पीसीबी (जीवशास्त्राचा) दोन्ही गटांतून द्यावी. गुणांचा बाऊ करू नका. २०२४ आणि २०२५ च्या नीटमध्ये त्याच सीटसाठी लागणाऱ्या गुणांत शंभराहून जास्त फरक पडला, तेव्हा राज्याच्या यादीतला क्रमांकच बघायचा. थोडक्यात हुकलं आणि तिची स्वतःची इच्छा असली तर एक वर्ष रिपीट करू द्या. एकच. दुसरं नाही.

तेवढ्यावर मेडिकल नाही लागलं, तर नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय घरापासून फार लांब नाही आणि चांगलं आहे. अजून एक दार तुमच्याच जिल्ह्यात आहे, उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथे प्रवेश नीटवरच होतो, अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, आणि पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी हे गट-अ चं पद. रक्ताची भीती नाही आणि घरी गुरं आहेत म्हणता, तर तिला एकदा तिथे घेऊन जा. लोक 'ढोरांचा डॉक्टर' म्हणून नाक मुरडतात, तुम्ही मुरडू नका.

या दिवाळीच्या सुट्टीत तिला दोन दिवस भाचीजवळ ठेवा आणि दोन दिवस पुतण्याकडे. भाचीच्या खोलीत झोपू दे, रात्री वॉर्डातून परत आल्यावर ती कशी दिसते ते बघू दे. पुतण्याच्या लॅपटॉपसमोर एक दिवस बसू दे, त्याच्यासोबत हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून परत येऊ दे. परत आल्यावर तिला काय वाटलं ते विचारा आणि ती बोलेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.

आणि कागदपत्रं. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तिच्या कॉलेजमार्फत अकरावीतच टाका, बारावीच्या निकालानंतर समितीसमोर रांगा लागतात. नॉन-क्रीमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या वर्षी चालू मुदतीतला हवा, दोन्ही वेळेत काढा. फी माफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने भरावा लागतो. अडलं तर कागदांच्या झेरॉक्स घेऊन लेकीलाच माझ्याकडे पाठवा. त्या गिऱ्हाइकाला मात्र या आठवड्यातच नाही म्हणून कळवा, आणि कळवलं की लेकीला फोन करून सांगा.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक