केंद्र, केंद्रबिंदू आणि पराणीची आर

प्रश्न असा आला आहे: 'चर्चेचा केंद्रबिंदू' बरोबर की नुसतं 'केंद्र'? आणि हा शब्द मूळ संस्कृतच ना?

नुसतं 'केंद्र' लिहा. बातम्यांतून रोज 'केंद्रबिंदू'चा रतीब चालतो, त्याचा वीट आला आहे. युक्लिडने वर्तुळाची व्याख्या दिली आणि लगेच पुढच्या व्याख्येत त्या बिंदूलाच केंद्र म्हणतात, असं सांगून टाकलं. बिंदूला आणखी बिंदू कशाला जोडायचा?

शब्द मात्र संस्कृत नाही, ग्रीक आहे. 'केंट्रॉन', टोचणे या क्रियापदावरून आलेला. 'इलियड'मधल्या रथांच्या शर्यतीत घोड्यांना टोचतात ते केंट्रॉन; आपली बैलांची पराणी, किंवा नेमकं सांगायचं तर तिच्या टोकाची आर. भूमितीवाल्यांनी कंपासच्या रोवलेल्या टोकाला तेच नाव दिलं आणि मग त्या टोकाने पडलेल्या टिंबालाही.

म्हणून 'केंद्र म्हणजे मध्य' असं सांगून मोकळे होणारे कोशकार मला पटत नाहीत. मिलेटसच्या अनॅक्सिमँडरने इ.स.पू. सहाव्या शतकात म्हटलं की पृथ्वी कशावरही टेकलेली नाही. सगळीकडून सारख्या अंतरावर असल्यामुळे तिला एका बाजूला सरकायला कारणच नाही. त्याच्या आधीचा थेलीस तिला पाण्यावर तरंगवत होता! केवढी झेप ही. पण ॲरिस्टॉटल अनॅक्सिमँडरचं हे मत सांगतो तेव्हा शब्द 'मेसॉन' वापरतो, म्हणजे मध्य. आर्किमिडीज वजनाबद्दल लिहितो तेव्हा मात्र 'केंट्रॉन'. त्याचं आपण 'गुरुत्वमध्य' केलं, ते साफ चुकलं.

आता खरी गंमत. ज्योतिषी वराहमिहिर 'बृहज्जातक' या आपल्या ज्योतिषग्रंथात पत्रिकेच्या पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या घरांना तीन नावं देतो: कंटक, केंद्र, चतुष्टय. कंटक म्हणजे काटा, टोचणारा! ग्रीक शब्द घेताना कुणीतरी त्याचा अर्थही शेजारी नोंदवून ठेवला, असं माझं ठाम मत आहे. 'केंद्र'ला संस्कृत व्युत्पत्ती चिकटवणाऱ्या पंडितांनी आधी या काट्याचं उत्तर द्यावं. यवन, म्हणजे ग्रीक, शास्त्र जाणतात म्हणून ते ऋषींसारखे पूज्य, असं वराहमिहिर स्वतः लिहितो. त्याला जो संकोच नव्हता तो आपल्याला का असावा?

त्याच सातव्या घराला, विवाहाच्या, 'जामित्र' म्हणतात. त्याचा जामाताशी काडीचा संबंध नाही. ते ग्रीक 'दियामेट्रॉस', म्हणजे व्यास: पहिल्या घराच्या थेट समोरचं घर.