पाच दिवस नुसतं ‘गॅस आहे’ म्हणत राहिले

प्रश्न : ताई, माझी आई ६१ वर्षांची. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पित्ताशयातल्या खड्यांसाठी भांडुपच्या एका प्रायव्हेट नर्सिंग होममध्ये तिचं दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, बिल १ लाख ८० हजार, सगळं भरलं. दुसऱ्याच दिवशी पोट फुगलं, मग ताप, मग डोळे पिवळे, पण विचारलं की एकच उत्तर, गॅस आहे, चालवा त्यांना. पाचव्या दिवशी आम्हीच तिला उचलून परळला नेलं, तिथे कळलं की पित्ताच्या नळीला इजा झालीय, परत पोट उघडावं लागलं. आता फाइल मागितली तर म्हणतात, तुम्ही डामा घेतलाय, काही मिळणार नाही. भाऊ म्हणतो सरळ पोलिसात जाऊ. काय करू?

उत्तर : दादा, आधी कडू गोष्ट सांगते. नळीला इजा होणं ही या ऑपरेशनची माहीत असलेली गुंतागुंत आहे, चांगल्या सर्जनच्या हातूनही होते, आणि नुसतं त्यावर भांडायला गेलात तर समोरचा वकील आईची सही असलेलं संमतीपत्र पुढे करेल. तुमची खरी केस आहे ती त्या पाच दिवसांत. पोट फुगलंय, ताप आहे, डोळे पिवळे झालेत, मग सोनोग्राफी केली का, लिव्हरची रक्ततपासणी केली का, कोणी सीनियर सर्जन बघून गेला का? त्या जागी दुसरा साधारण जाणकार डॉक्टर काय करता, कायदा एवढंच विचारतो. (काही वेळा तेही विचारावं लागत नाही. औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलात १९६३ साली एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला होता, सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं, पण कधी, तर १९९६ मध्ये.)

डामा म्हणजे सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज, त्या सहीने आधीचे पाच दिवस पुसले जात नाहीत. आणि फाइल तर द्यावीच लागते, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितली की ७२ तासांत. तोंडी मागू नका, आईच्या सहीचा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, नाही मारला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. नर्सने रोज लिहिलेल्या नोंदीसुद्धा मागा, माझ्या मते अर्धी केस तिथेच असते. परळच्या डॉक्टरांचे ऑपरेशनचे कागद तर सोन्यासारखे जपा. ते आपल्याच जातभाईविरुद्ध लेखी मत देतील का, बहुतेक नाही, पण त्यांनी पोटात काय पाहिलं ते त्यांच्या नोटमध्ये असतंच, ती घेऊन दुसऱ्या सर्जनचं मत घेता येतं.

भावाला सांगा, राग बरोबर आहे पण रस्ता चुकतोय. २००५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्हा नोंदवायचा तर निष्काळजीपणा अगदी उघड आणि गंभीर लागतो, आणि पोलीसही आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घेतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरचं रजिस्ट्रेशन थांबवू शकतं पण भरपाई देत नाही. पैसे हवेत तर ग्राहक आयोग. तुम्ही पैसे मोजून उपचार घेतलेत म्हणून ग्राहक कायदा लागू होतो (सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं हॉस्पिटल असतं तर झाला नसता). भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यामुळे तक्रारीला फी नाही, आणि आता तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगातही दाखल करता येते, म्हणजे भांडुपच्याच बाजूला राहत असाल तर मुंबई उपनगर जिल्ह्याच्या. मुदत दोन वर्षं, त्यातलं जवळजवळ एक तुमचं रागात गेलंय! वकील परवडत नसेल तर आई बाई आहे एवढ्यावरच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला फुकट वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट नाही.

मध्येच नर्सिंग होमचा फोन येईल, थोडे पैसे परत देतो, ‘तक्रार नाही’ वर सही करा म्हणून. वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही नको. फाइल मिळाली की तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचं पान आधी उघडा, तिथे पिवळ्या डोळ्यांबद्दल काय लिहिलंय ते मला कळवा.