आई-पप्पांचे दोहातले सात तास

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी बहीण इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. तिने यंदा आई-पप्पांना बोलावले आहे आणि तिकिटे बिझनेस क्लासची पाठवली आहेत. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दोहा, तिथे सात तास थांबायचे, मग दोहाहून लंडन हीथ्रो. आईचे गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर मागितली आहे. पप्पांना मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावे लागते. दोघांनी मुंबई-बंगळूरच्या पलीकडे विमानप्रवास केलेला नाही. बहीण म्हणते, लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या आरामकक्षात, जाऊन आराम करा. आई म्हणते, "त्या मोठ्या लोकांत आम्हाला नको, आम्ही बाहेर बाकावर बसू." तिथे नेमके काय असते, किती पैसे पडतात, कसे वागायचे? शिवाय प्रवासाचा दिवस सोमवार, आणि आई सोमवारी शिवराक (शाकाहारी) जेवते.
— एक वाचक, फोंडा

उत्तर: पहिली गोष्ट आईंसाठी. लाउंजचे पैसे तुमच्या बहिणीने तिकिटातच भरलेले आहेत. दारावर, जेवणाला, आंघोळीला वेगळे काही द्यायचे नाही, टिपही नाही. आत सूट-टाय घातलेले लोक असतात, तशीच रात्रभरच्या प्रवासाने केस विस्कटलेली आणि झोपलेले मूल खांद्यावर टाकलेली माणसेही असतात. आईंची सुती साडी तिथे कुणाच्या नजरेत भरणार नाही. एसी मात्र कडक असतो, तेव्हा शाल हातातल्या पिशवीत राहू द्या.

पण मोपाला निघण्याआधी तिकीट एकदा नीट वाचा. बिझनेसचे भाडेही हल्ली दोन-तीन प्रकारचे असते. कतार एअरवेजचे सगळ्यात स्वस्त 'बिझनेस लाइट' भाडे असेल तर आसन बिझनेसचेच मिळते, पण लाउंज त्यात धरलेले नसते. एमिरेट्सच्या बिझनेसमधल्या 'स्पेशल' भाड्याचेही तेच. तिकिटावर 'लाइट' दिसले तर बहिणीला आत्ताच कंपनीशी बोलायला सांगा. पैसे भरून लाउंज जोडून घेता येते. दारावर पोचल्यावर कळले तर तुमचे आई-पप्पा तिथून निमूट परत फिरतील, आणि ते मला नको आहे.

आता व्हीलचेअर. मी दाबोळी विमानतळाच्या काउंटरवर नोकरी केली आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची बाब हीच आहे. आमच्या शेजारच्या काकी अशाच मुलाकडे निघाल्या होत्या. वाटेत एका परदेशी विमानतळावर त्या हातात बिझनेसचा बोर्डिंग पास घेऊन पाच तास गेटजवळ व्हीलचेअरवरच बसून राहिल्या. खुर्ची ढकलणाऱ्या मुलाने विचारले नाही, काकींनी सांगितले नाही. बाथरूमला न्या असे कुणाला सांगायला लागू नये म्हणून त्यांनी त्या पाच तासांत पाणीसुद्धा प्यायले नाही. मला हे त्यांनी दोन महिन्यांनी सांगितले, तेव्हा फार वाईट वाटले. त्या मुलाला बहुतेक वेळा 'या प्रवाशाला पुढच्या विमानाच्या गेटवर पोचव' एवढेच सांगितलेले असते. लाउंजमध्ये न्यायचे आहे हे प्रवाशाने सांगायचे असते.

म्हणून एका जाड कार्डावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहून द्या: पुढच्या विमानाचा क्रमांक, सुटण्याची वेळ, आणि 'प्लीज टेक अस टू द बिझनेस लाउंज'. हे कार्ड पप्पांच्या शर्टाच्या खिशात असू द्या. दोहाला विमानाच्या दाराशी खुर्ची घेऊन माणूस आला की आधी कार्ड, मग बोर्डिंग पास. पुढच्या विमानाचा पास मोपालाच मिळतो, तो दोघांच्या हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नका. पप्पांना आईंपासून वेगळे करणार नाहीत ना, हेही तिथेच विचारून घ्या. आणखी एक, आईंना थोडे चालता येते पण पायऱ्या चढवत नाहीत, असे असेल तर व्हीलचेअरच्या मागणीत तसे नोंदवायला सांगा. त्यासाठीचा कोड 'डब्ल्यूसीएचएस'. नुसते 'डब्ल्यूसीएचआर' असेल तर पायऱ्या चढता येतात असे धरतात.

दोहाच्या हमाद विमानतळावर बदलीच्या प्रवाशांची पुन्हा सुरक्षा तपासणी होते. पाण्याची बाटली तिथे टाकून द्यावी लागते. त्यापुढे मोठ्या दालनात डोक्यावर दिवा असलेले सात मीटर उंच पिवळे अस्वल बसलेले दिसेल, स्विस कलाकार उर्स फिशर याचे काम आहे. चुकामूक झाली तर भेटायची खूण म्हणून तेच सांगून ठेवा. कतारच्या बिझनेस लाउंजचे नाव अल मुरजान. एक या अस्वलाच्या बाजूने सरकत्या जिन्याने वर गेल्यावर आहे. आईंनी लिफ्टच मागायची. दुसरे उत्तरेच्या भागात, आतल्या बागेजवळ. गेट ज्या बाजूला त्या बाजूचे लाउंज बरे. दोन्ही भागांच्या मध्ये फुकटची छोटी ट्रेनही आहे. 'अल सफवा' अशी पाटी दिसली तर ते फर्स्ट क्लासचे, बिझनेसच्या तिकिटावर तिथे सोडत नाहीत.

दारावर बोर्डिंग पास स्कॅन करतात, बस्स. तिथल्याच मुलीला लगेच दोन गोष्टी सांगायच्या. व्हीलचेअर विमान सुटण्याच्या दीड तास आधी लाउंजवर यायला हवी, आणि आंघोळीसाठी आमची नावे लिहा.

आंघोळ आधी करावी असे माझे ठाम मत आहे. लोक आत गेल्यावर प्रथम ताटाकडे वळतात, मग पोट भरल्यावर सुस्ती येते आणि आंघोळ राहून जाते. साठी ओलांडलेल्या माणसाला रात्रीच्या प्रवासानंतर गरम पाण्याने जेवढे बरे वाटते तेवढे कशानेच नाही. खोली स्वतंत्र असते, आतून कडी. कमोड, बेसिन, शॉवर, जाड टॉवेल, साबण, शांपू सगळे तिथेच. बादली-तांब्या नसतो, हे आईंना आधीच सांगून ठेवा. हातात धरायचा शॉवर असला तर केस न भिजवता आंघोळ होते. फरशी ओली झाली की गुळगुळीत होते. गुडघे दुखतात म्हटल्यावर आधाराला दांडा असलेली खोली मागायची आणि रबरी चपला हातबॅगेत ठेवायच्या. बदलायची साडी, परकर, पोलके एका वेगळ्या पिशवीत सगळ्यांत वर ठेवा, म्हणजे ओल्या जागी बॅग उपसावी लागत नाही. पप्पांनी बाहेर जवळच बसावे.

मग जेवण. पप्पांसाठी लाउंजचा खरा उपयोग इथे आहे. विमानात जेवण विमान कंपनीच्या वेळेने येते, लाउंजमध्ये आपल्या भुकेने. आधी ताट समोर घ्यायचे, मगच सुई. दोहाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवील, मनगटावरचे घड्याळ मात्र गोव्याच्या वेळेवरच ठेवा आणि औषधे त्यावर पाहून घ्या. पुढचे डोस कसे सरकवायचे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, ते अंदाजाने करू नका. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत घालायचे नाही. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते, आणि बॅग मागे राहिली तर औषधही मागे राहते. हातबॅगेत, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह, तपासणीच्या वेळी आपणहून बाहेर काढून दाखवायचे.

आईंच्या सोमवारची काळजी नको. अरबी जेवणात शाकाहारी पदार्थ भरपूर असतात: हरभऱ्याचे हुमुस, भाजलेल्या वांग्याचे मुतब्बल, कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पार्सलीचे ताबुले, गरम रोटी, खजूर, फळे. वांगे तर आपल्या भरतासारखेच लागते. सूपपासून मात्र जपून राहा, भाज्यांचे दिसले तरी पाणी कोंबडीचे असू शकते. 'नो मीट, नो फिश, नो एग' एवढे सांगितले की वाढणारा काय चालेल ते दाखवतो. विमानातल्या जेवणासाठी आजच 'हिंदू शाकाहारी' नोंदवून ठेवा, ती मागणी किमान एक दिवस आधी द्यावी लागते. आणि हो, पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, तेवढा आईंचा सोमवार मोठा होईल.

आपल्याकडचा एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण बरेच जण विचारतात: पुढच्या विमानासाठी डबा भरून घ्यावा का? नाही. तिथे हवे तितक्या वेळा उठून घ्या, बाहेर न्यायचे नाही. पप्पांची साखर अचानक उतरली तर म्हणून घरचा एखादा लाडू आणि ग्लुकोजची पुडी मात्र खिशात असलीच पाहिजे.

उरलेला वेळ झोपायचे. मंद उजेडाच्या शांत खोल्या असतात, पाय लांब करून पडता येते. पासपोर्टचे पाकीट गळ्यात, कपड्यांच्या आत. लाउंजमध्ये विमानाच्या घोषणा होतील या भरवशावर राहू नका, पडद्यावर पाहावे लागते. म्हणून दोघांच्याही मोबाइलवर गजर लावून द्या. बोर्डिंग पासवरची वेळ दोहाची असते, गोव्याची नाही. सुटण्याच्या २० मिनिटे आधी गेट बंद होते, आणि लाउंजपासून काही गेट बरीच लांब आहेत. सांगितलेल्या वेळी खुर्ची आली नाही तर पप्पांनी दारावर जाऊन पुन्हा विचारायचे. पाचव्या मिनिटाला विचारले तरी कुणी रागावत नाही.

प्रश्न: कंपनीच्या कामासाठी मिस्टरांना बिझनेसचे तिकीट आहे, मी त्याच विमानात इकॉनॉमीत. त्यांच्याबरोबर मला लाउंजमध्ये जाता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: नुसत्या बिझनेसच्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी एकच माणूस, पाहुणा नाही. मिस्टर खूप फिरत असतील तर त्यांच्या फ्लायर कार्डाचा (वारंवार प्रवास करणाऱ्यांना विमान कंपनी देते ते कार्ड) दर्जा पाहा. वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या गटात (कतार, ब्रिटिश एअरवेज वगैरे) सफायर किंवा एमराल्ड दर्जा असेल तर त्याच गटाच्या विमानाने जाणारा एक सोबती नेता येतो. एअर इंडिया स्टार अलायन्स या दुसऱ्या गटात आहे, तिथे गोल्ड दर्जाला अशीच सवलत असते. यातले काही नसेल तर तुमच्यासाठी पैसे भरून प्रवेश मिळतो का ते विचारा. तोही नसेल तर माझा आग्रह असा की मिस्टरांनी आंघोळ उरकून लवकर बाहेर यावे आणि दोघांनी कॉफी बाहेरच एकत्र प्यावी.

प्रश्न: माझ्या क्रेडिट कार्डावर लाउंज फुकट आहे असे बँक म्हणते. मग ते कार्ड दाखवून दोहाच्या बिझनेस लाउंजमध्ये बसता येईल ना?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: नाही. विमान कंपनीचे स्वतःचे लाउंज वेगळे आणि कार्डावर चालणारे वेगळे. अल मुरजान फक्त कंपनीच्या प्रवाशांचे. कार्डावर प्रायॉरिटी पास (अनेक विमानतळांवरच्या लाउंजमध्ये चालणारे सदस्यत्व) असेल तर दोहाला अल माहा किंवा ओरिक्स लाउंज विचारा. चहा-नाश्ता आणि बसायला जागा, तेवढ्यासाठी ती पुरेशी आहेत. देशातले लाउंज आणि परदेशातले लाउंज यांची मर्यादा कार्डावर वेगवेगळी असते. शिवाय आधीच्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट अनेक बँकांनी घातली आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी बँकेच्या ॲपवर तुमच्या कार्डासमोर किती फेऱ्या शिल्लक दिसतात ते पाहून घ्या, आणि परदेशी व्यवहार सुरू केलेले आहेत ना तेही तपासा. दारावर थोडी रक्कम कार्डातून वळती करतात, ती अडली तर प्रवेशही अडतो.