हिच लावलेली आहे म्हणून गाडी ट्रेलर ओढेलच असं नाही

प्रश्न: वकीलताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरात चौघं, आणि माझं ढोल-ताशा पथक. ढोल, ताशे, ध्वज ठेवायला आम्ही वर्गणी काढून एक बंद ट्रेलर घेतलाय. त्याच्या पाटीवर भरलेलं कमाल वजन २,९९० पाउंड लिहिलंय. तो ओढायला आणि एरवी घरी वापरायला मी जुनी मिनीव्हॅन शोधतोय. एका डीलरकडे २०२० ची क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिड आहे. ६४,००० माइल चाललेली, किंमत १८,५०० डॉलर, मागे हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, बसवलेली. सेल्समनने मेसेज केला, "३,६०० पाउंड आरामात ओढेल." मी ५०० डॉलर डिपॉझिट दिलंय, शनिवारी सह्या आहेत. 'अ‍ॅज इज', म्हणजे 'आहे तशी, हमीशिवाय', अशा एका कागदावर वेगळी सही केली तर आणखी ८०० डॉलर कमी करतो म्हणाला. मित्र म्हणतात, इथे जुन्या गाड्यांनाही लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडीपासून ग्राहकाला वाचवणारा कायदा, आहे, बिनधास्त घे. घेऊ का?

उत्तर: शनिवारी सही करू नका. आधी ही गाडी मुळात ट्रेलर ओढण्यासाठी आहे का ते बघू, कायद्याचं त्यानंतर.

पॅसिफिका पेट्रोलवर चालणारीही आहे आणि हायब्रिडही. ३,६०० पाउंडांचा आकडा पेट्रोलच्या गाडीचा आहे, आणि तोही कारखान्यातून 'ट्रेलर टो ग्रुप' घेतलेला असेल तरच. हायब्रिडने ट्रेलर ओढू नये असं कंपनीच सांगते. तुमच्यापुढे असलेल्या गाडीचा कंपनीने मान्य केलेला आकडा ३,६०० नाही, शून्य आहे. सेल्समन खोटं बोलला की त्याने दुसऱ्या गाडीचा आकडा सांगितला, मला माहीत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याने फारसा फरकही पडत नाही, ते पुढे सांगते.

मग हिच का आहे? सायकलींचा रॅक लावायला बरेच जण बाहेरून हिच बसवून घेतात. हिच नटबोल्टने बसते. गाडीची कुवत त्याने वाढत नाही. पण ती कशासाठी वापरली गेली हे बघण्यासारखं आहे. ट्रेलरच्या दिव्यांची वायर जोडलेली असेल, हिचच्या तोंडाशी धातू घासून चकाकत असेल, तर आधीच्या मालकाने जे करायला नको होतं तेच केलेलं असू शकतं, आणि त्याची झीज गियरबॉक्समध्ये जमा झालेली असू शकते.

हायब्रिड म्हटलं की ट्रेलर नाहीच, असंही समजू नका. टोयोटाची सिएना २०२१ पासून फक्त हायब्रिडच येते आणि तिला ३,५०० पाउंडांची मान्यता आहे. म्हणून प्रत्येक गाडीचं, त्या वर्षाचं, त्या मॉडेलचं मॅन्युअल स्वतः उघडून वाचा. टोइंगच्या पानावर ट्रेलरच्या वजनाबरोबर त्याच्या समोरच्या बाजूच्या क्षेत्रफळाची मर्यादाही दिलेली असते, आणि तुमचा बंद ट्रेलर वारा अडवणारा आहे. मग ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर वाचा: माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिथे असतं. हिचवर ट्रेलरचा साधारण दहा टक्के भार उतरतो, म्हणजे तुमच्या बाबतीत ३०० पाउंड. तोही याच हिशोबात धरायचा. मिरवणुकीला जाताना सात वादक आत आणि ट्रेलर मागे, असं चित्र डोळ्यासमोर असेल तर बेरीज कागदावर मांडून बघा. बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये ती जमत नाही.

आता तुमच्या मित्रांचा लेमन लॉ. तो आहे, आणि चांगला आहे. न्यू जर्सीत परवानाधारक डीलरकडून जुनी गाडी घेतली तर डीलरला वॉरंटी द्यावीच लागते. २४,००० माइलपर्यंत चाललेल्या गाडीला ९० दिवस किंवा ३,००० माइल, त्यापुढे ६०,००० पर्यंत ६० दिवस किंवा २,००० माइल, आणि ६०,००० ते १,००,००० मध्ये ३० दिवस किंवा १,००० माइल, जे आधी संपेल ते. गाडी सात मॉडेल-वर्षांपेक्षा जुनी असेल, किंमत ३,००० डॉलरपेक्षा कमी असेल किंवा गाडी एक लाख माइलांपुढे गेलेली असेल तर हे संरक्षण नाही. वॉरंटीच्या काळात तोच दोष तीनदा दुरुस्त करूनही गेला नाही किंवा गाडी एकूण २० दिवस दुरुस्तीत अडकली, तर पैसे परत मागता येतात. खाजगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही.

पण या कायद्यात बसणारे भाग तीनच: इंजिन, ट्रान्समिशन (म्हणजे गियरबॉक्स) आणि चाकांना ताकद देणारा ड्राइव्ह अ‍ॅक्सल. हायब्रिडची मोठी बॅटरी त्या यादीत नाही. आणि 'ट्रेलर ओढत नाही' हा दोष तर मुळीच नाही, कारण ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेलीच नव्हती. गाडी धडधाकट आहे का, या प्रश्नामागे लेमन लॉ उभा आहे. ती ट्रेलर ओढेल का, या प्रश्नामागे फक्त डीलरने लेखी दिलेला शब्द उभा राहतो. तुम्ही दोन्ही प्रश्नांसाठी एकाच कायद्यावर भिस्त ठेवली आहे, म्हणून मला तुमची काळजी वाटते.

तुमची गाडी ६४,००० ची, म्हणजे ३० दिवसांच्या गटातली. आत्ता घेतलीत आणि ट्रेलर पहिल्यांदा गणपतीत जोडलात, तर तोवर वॉरंटी संपलेली असेल. शिवाय ६०,००० माइलांपुढच्या गाडीत भावाची घासाघीस करताना ग्राहकाला ही वॉरंटी सोडून देता येते. ते वेगळं लिहावं लागतं, त्यावर वेगळी सही लागते. तुमच्यापुढे ठेवलेला 'अ‍ॅज इज'चा कागद हाच आहे. ८०० डॉलरला तो तुमच्याकडून गियरबॉक्सची हमी विकत घेतोय. गियरबॉक्स बदलण्याचा खर्च एखाद्या मेकॅनिकला विचारा आणि मग ठरवा. मी तुमच्या जागी असते तर ८०० डॉलर जास्त मोजले असते.

आता सेल्समनचा मेसेज. न्यू जर्सीच्या व्यापारी कायद्यात विकणाऱ्याने वस्तूबद्दल ठाम विधान केलं आणि सौदा त्यावर झाला, तर ते विधान वॉरंटी ठरतं. 'मला अमुक वजनाचा ट्रेलर ओढायचा आहे' असं तुम्ही सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून गाडी घेतली, तर त्या कामाला ती योग्य असण्याची हमीही गृहीत धरली जाते. ग्राहक फसवणूक कायदा त्याहून कडक आहे. आपणहून केलेलं चुकीचं विधान असेल तर फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. नुकसान दाखवता आलं तर तिप्पट भरपाई आणि वकिलाची फीसुद्धा मिळू शकते. म्हणून तो मेसेज पुसू नका. त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपा, जाहिरातीचं पानही.

पण सह्यांच्या कागदांत बहुधा एक ओळ असेल: या कराराबाहेर दिलेलं कोणतंही वचन ग्राह्य नाही. ती आणि 'अ‍ॅज इज' दोन्हींवर सही केलीत की मेसेजवर उभं राहणं फार अवघड होतं. आणि आता दुसरीही अडचण आहे. ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही हे तुम्हाला आज कळलं. कळल्यानंतरही सही केली तर 'मी त्याच्या शब्दावर विसंबलो' असं कोर्टात कोणत्या तोंडाने म्हणाल?

डीलरला गाडीच्या काचेवर 'बायर्स गाइड', म्हणजे वॉरंटी आहे की नाही हे सांगणारा कागद, लावावाच लागतो, तो केंद्राचा नियम आहे. त्यावर लिहिलेलं कराराचा भाग असतं आणि करारातल्या विरुद्ध मजकुरावर मात करतं. कोणतीही गाडी घ्याल तेव्हा ट्रेलरचा आकडा तिथे किंवा करारात हाताने लिहून घ्या आणि शेजारी डीलरची सही घ्या. जो माणूस मेसेजवर ३,६०० लिहितो आणि कागदावर लिहायला नकार देतो, त्याने तुम्हाला उत्तर दिलेलंच आहे.

सही केल्यावर सौदा मोडायला 'कूलिंग-ऑफ'चे तीन दिवस मिळतात हा आपल्या लोकांत पसरलेला गैरसमज आहे. डीलरच्या जागेवर जाऊन घेतलेल्या गाडीला तो नियम लागू नाही. सही झाली की गाडी तुमची.

गाडीच्या तब्येतीबद्दल थोडं सांगते, कारण दुसरी कोणतीही व्हॅन बघाल तेव्हा उपयोगी पडेल. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या साइटवर टाका. रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्यांची नोंद, फुकट दिसते. जुलै २०२४ मध्ये २०१७ ते २०२१ च्या पॅसिफिका हायब्रिडपैकी जगभरातल्या २४,००० हून अधिक गाड्या बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे परत बोलावल्या गेल्या होत्या, आणि मालकांना गाडी घरापासून दूर, उघड्यावर लावायला सांगितलं होतं. तुम्ही बघताय ती त्यांत आहे का आणि काम झालंय का, हे क्रमांक टाकल्याशिवाय कळणार नाही. दुरुस्त न झालेला रिकॉल असलेली जुनी गाडी विकायला डीलरला केंद्रीय कायद्याने बंदी नाही, त्यामुळे ही तपासणी तुमच्यावरच आहे. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसात न्यू जर्सीत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. २०२० ची गाडी तेव्हा कुठे उभी होती? टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, पुराचा किंवा सॅल्व्हेजचा (विमा कंपनीने भंगारात काढल्याचा) शिक्का आहे का बघा, एनआयसीबी या विमा-गुन्हे संस्थेची चोरी आणि सॅल्व्हेजची तपासणी फुकट आहे तीही करा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का हात लावून बघा. आणि तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून, डीलरच्या नव्हे, पूर्ण तपासणी करून घ्या. तपासणीला गाडी देत नसेल तर तिथून निघा.

एक गोष्ट पथकातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कंपनीने मनाई केलेल्या गाडीला भरलेला ट्रेलर लावून टर्नपाइक महामार्गावर अपघात झाला, तर समोरच्याच्या वकिलाच्या हातात पहिला कागद मॅन्युअलचं ते पान असेल. मागे लहान मुलं बसलेली असतात. गाडी तुमच्या नावावर आहे, चालवणारा पथकातला कुणीही असेल, तरी विचारणा तुम्हालाच होणार. कोणतीही गाडी घेतलीत तरी विमा कंपनीला लेखी कळवा: ट्रेलर ओढणार आहे, पथकाचं सामान नेणार आहे, आणखी कोण चालवणार आहे.

वर्षातून मिरवणुका किती? चार-पाच असतील तर त्या दिवसांपुरती मालवाहू व्हॅन भाड्याने घेणं आणि घरासाठी मनासारखी गाडी घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पण तो निर्णय तुमचा आणि पथकाचा.

डिपॉझिटसाठी आजच डीलरला मेसेज नको, ईमेल करा. इंग्रजीत, चार ओळींत: 'तुमच्या सेल्समनने अमुक तारखेला ही गाडी ३,६०० पाउंड ओढेल असं लिहून कळवलं. त्यावर विसंबून मी ५०० डॉलर भरले. उत्पादकाच्या मॅन्युअलप्रमाणे ही हायब्रिड गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही. म्हणून मी खरेदी रद्द करत आहे, दहा दिवसांत रक्कम परत करावी.' सोबत मॅन्युअलचं पान आणि स्क्रीनशॉट जोडा. 'डिपॉझिट परत मिळणार नाही' असं पावतीवर छापलेलं असलं तरी पाठवा. चुकीच्या माहितीवर घेतलेल्या पैशांना ती ओळ सहज झाकत नाही. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार करा. स्मॉल क्लेम्सची मर्यादा ५,००० डॉलर आहे, तिथे वकील लागत नाही. पावतीची प्रत मला पाठवा, मी वाचते.