ऑपेरा-फँटसी वाजवायचीये? आधी हाताचं बघा

गेल्या काही महिन्यांत लिस्ट आणि थालबर्ग या एकोणिसाव्या शतकातल्या पियानोवादक-रचनाकारांच्या ऑपेरा-फँटसींवर, म्हणजे ऑपेरातल्या चालींवर रचलेल्या पियानोच्या तुकड्यांवर, इतके मेसेज आलेत की एकेकाला वेगळं उत्तर देणं आता मला शक्य नाही. बहुतेक जण कुणाचं तरी 'डॉन जुआन' नाहीतर 'रिगोलेत्तो' व्हिडिओवर बघून थेट नोट्स उघडून बसलेत, आणि गोंधळही सगळ्यांचा तोच आहे. म्हणून एकदाच लिहिते. नावं काढलीयेत, गावं ठेवलीयेत.

फँटसी, पॅराफ्रेज, रेमिनिसन्स, ट्रान्सक्रिप्शन, यात नेमका फरक काय? (ठाणे)

लिस्टने स्वतःच हे शब्द फार काटेकोरपणे वापरलेले नाहीत, त्यामुळे नावावरून वाद घालू नका, आत काय आहे ते बघा. वाग्नरच्या 'ट्रिस्टान'मधला इझोल्डेचा शेवटचा प्रवेश त्याने 1867 मध्ये जवळजवळ जसाच्या तसा पियानोवर उतरवला, ते ट्रान्सक्रिप्शन. 'रिगोलेत्तो'मध्ये वर्दीच्या त्याच नावाच्या ऑपेराच्या तिसऱ्या अंकातलं एकच चौघांचं गाणं घेऊन त्याभोवती नक्षी केलीय, ते पॅराफ्रेज. आणि 1841 च्या 'डॉन जुआन'मध्ये मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी' ऑपेरातल्या वेगवेगळ्या जागा उचलून त्यातून नवीनच नाट्य उभं केलंय, त्याला तो रेमिनिसन्स म्हणतो. तुमच्या हातात कुठलं आहे ते शिक्षकांसोबत बसून ऑपेराच्या नोट्सशी पडताळा.

लिस्टच्या 'नॉर्मा'त 'कास्ता दिवा' कुठेय? मला सापडतच नाही. (कोल्हापूर)

नाहीचे. बेल्लीनीच्या 'नॉर्मा' ऑपेरातली ती प्रसिद्ध प्रार्थना त्याने घेतलीच नाही.

लिस्टने थालबर्गला स्पर्धेत हरवलं, त्यानंतर थालबर्ग संपला, असं आमच्या ग्रुपवर आलं होतं. खरं का? (पुणे)

हे फॉरवर्ड मलाही पाच-सहा जणांनी पाठवलंय आणि दरवेळी माझा जीव वरखाली होतो. 31 मार्च 1837, पॅरिस, राजकुमारी बेल्जोयोझोचं घर. इटलीतून परागंदा झालेल्या लोकांच्या मदतीसाठी कार्यक्रम होता, तिकीट 40 फ्रँक. थालबर्गने रोसिनीच्या 'मोझे'वरची फँटसी वाजवली, लिस्टने पाचीनीच्या 'निओबे'वरची. निकाल वगैरे काही लागला नाही. राजकुमारीच्या नावावर जे वाक्य सांगतात, की थालबर्ग जगातला पहिला आणि लिस्ट एकमेव, त्यातही कुणी हरत नाही. आणि थालबर्ग संपला म्हणता, तर त्याच राजकुमारीने बेल्लीनीच्या 'पुरितानी'मधल्या मार्चवर सहा जणांकडून जे 'हेक्सामेरॉन' लिहून घेतलं त्यात लिस्ट, पिक्सिस, हेर्त्स, चेर्नी, शोपँ यांच्याबरोबर थालबर्गही आहे. शिवाय चार वर्षांनी लिस्टने 'नॉर्मा' लिहिली तेव्हा तिच्यातल्या एका मोठ्या जागी थालबर्गचंच 'तीन हात' तंत्र वापरलंय. हरलेल्याची युक्ती कुणी अशी मानाने वापरतं का?

ते 'तीन हात' तंत्र म्हणजे काय? माझ्याकडे 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, त्यावर जमेल का? (नाशिक)

61 पट्ट्यांवर जमणार नाही.

तंत्र मात्र समजून घ्या, फार सुंदर आहे. गाण्याची ओळ पियानोच्या मधल्या भागात ठेवायची, जिथे माणसाचा आवाज असतो साधारण तिथे, आणि ती दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आळीपाळीने वाजवायची. उरलेली बोटं खाली बास धरतात आणि वर-खाली झरझर आर्पेजिओ, म्हणजे एकामागून एक सुटे वाजणारे कॉर्डचे सूर, फिरवतात. ऐकणाऱ्याला वाटतं मधे तिसरा हात गातोय. 'मोझे'च्या शेवटी रोसिनीची ती प्रसिद्ध प्रार्थना येते ना, तिथे हे ऐका. पण या सगळ्याचा जीव पेडलमध्ये आहे, अंगठा उचलल्यावरही सूर पेडलनेच टिकून राहतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तिथपर्यंत पोचतो. पेडल चुकलं की चिखल. म्हणून 88 वजनदार पट्ट्या आणि अर्धं दाबता येईल असं पेडल हवंच. घेण्याआधी शिक्षकांना सोबत न्या, दुकानातल्या डेमोच्या भरवशावर राहू नका, डेमोत पेडलचा दोष सहसा कळतच नाही.

मुलगी 16 वर्षांची आहे, पियानोची आठवी ग्रेड झालीय. 'डॉन जुआन' बसवतेय. दीड महिन्यापासून उजव्या हाताची करंगळी आणि मनगट दुखतंय. ओळखीचे एक जण म्हणाले की दुखणारच, त्यातूनच ताकद येते. ऑनलाइन बोटांसाठी स्प्रिंगचं यंत्र मिळतं, घेऊ का? (मुंबई)

नका घेऊ, आणि आज वाजवणं थांबवा. आज म्हणजे आज, रविवारी क्लासला गेल्यावर नव्हे.

दीड महिना! तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण मला हेच कळत नाही की स्वयंपाक करताना हात भाजला तर आपण लगेच नळाखाली धरतो आणि पियानोवर हात दुखला की महिना-महिना "बघू" म्हणतो. 'दुखल्यावर ताकद येते' ही ऐकीव गोष्ट आहे आणि हिने जेवढे हात बिघडवलेत तेवढे अवघड नोट्सनीही बिघडवले नसतील. मी एकोणीस वर्षांची असताना मलाही एका शिक्षकांनी हेच सांगितलं होतं, मी चार महिने दुखणं लपवून ऑक्टेव्ह वाजवत राहिले आणि नंतर जवळजवळ वर्षभर मला साधं स्केल नीट वाजवता येईना. ते वर्ष परत मिळत नाही.

आणि तुमच्या मुलीने निवडलंय काय, तर नेमकं 'डॉन जुआन'. 1891 मध्ये मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत स्क्रियाबिन नावाचा, पुढे मोठा रचनाकार झालेला, एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याचा हात लहान होता, बरोबरीच्या लेव्हिनशी चढाओढ म्हणून त्याने हेच 'डॉन जुआन' आणि बालाकिरेव्हचं 'इस्लामेय' सपाटून वाजवलं आणि उजवा हात निकामी करून घेतला. डॉक्टरांनी सांगितलं होतं हात बरा होणार नाही. त्या दुःखातून त्याने पहिला सोनाटा लिहिला, शेवटी अंत्ययात्रेचा मार्च असलेला, आणि 1894 मध्ये फक्त डाव्या हातासाठी प्रिल्यूड आणि नॉक्टर्न लिहिले. पुढे हात बराच सुधारला, पण तो स्क्रियाबिन होता. शूमान या रचनाकाराचं तर वादकाचं करिअरच बोटाच्या दुखण्याने गेलं. आता तुम्ही स्प्रिंगच्या यंत्राचं विचारताय. असली यंत्रं 1814 पासून विकली जातायत, त्या वर्षी लोगियर नावाच्या संगीतशिक्षकाने हात जखडून ठेवणारं एक काढलं होतं, नाव नवीन, रंग नवीन, धंदा तोच. बोट स्प्रिंगशी झगडायला शिकतं, गायला नाही.

या फँटसी ताकदीने वाजतात हा समजच मुळात चुकीचा आहे, कारण त्या मुळात गाणं आहेत. थालबर्गने 1853 च्या सुमाराला 'पियानोवर गायनकला' अशा अर्थाच्या नावाने ऑपेरातल्या गाण्यांची पियानो-रूपं काढायला घेतली, त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो की त्याने स्वतः पाच वर्षं गाणं शिकलं. हात मोकळा ठेवा म्हणतो, पट्ट्यांवर आपटू नका म्हणतो, जणू हाताला हाडंच नाहीत आणि बोटं मखमलीची आहेत असं समजून पट्ट्या मळा म्हणतो. मळा! कणीक मळताना आपण मनगट ताठ ठेवतो का, खांद्यातून, पाठीतून वजन येतं आणि तळवा सैल असतो, अगदी तसंच. ज्या माणसाच्या झंझावाताने पॅरिस वेडं झालं होतं तो हे सांगतोय.

म्हणून क्रमाने सांगते. वाजवणं बंद, मोबाइलवर टायपिंगही कमी. या आठवड्यातच हाडांच्या नाहीतर हाताच्या डॉक्टरांना दाखवा, करंगळीत मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखत असेल तर उद्याच. वेदनाशामक मलम चोळून पुन्हा बसवू नका, त्याने दुखणं झाकलं जातं. मग फिजिओथेरपिस्ट, आणि ते हो म्हणाले की शिक्षकांसमोर हळूहळू सुरुवात. 'डॉन जुआन' कपाटात. तोवर तिने ऑपेरा ऐकावा, 'डॉन जोव्हानी'तलं प्रेमगीत 'ला ची दारेम ला मानो' स्वतः गुणगुणावं. हे हात न लावताही होतं आणि याचा फायदा तिला आयुष्यभर होईल.

घरी आजोबांच्या वेळचा अपराइट आहे. एकच सूर पटपट वाजवला की मधले सूर गायब होतात. माझा दोष की पियानोचा? (मडगाव)

दोन्ही असू शकतं. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर येण्याआधीच हातोडी परत मारता येते, ती सोय एरार या पियानो बनवणाऱ्याने 1821 मध्ये पेटंट केली आणि लिस्टच्या झपाट्याच्या जागा त्या यंत्रणेमुळेच शक्य झाल्या. साधारण अपराइटमध्ये ती नसते. 'ग्रँडसारखाच चालतो' म्हणून कुणी अपराइट विकत असेल तर आधी हीच जागा वाजवून बघा. वर गोव्याची दमट हवा, लाकूड आणि नमदा फुगला की पट्ट्या जड होतात. तेल-बिल घालू नका. चांगला टेक्निशियन बोलवा, पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा.

आमच्या सरांचं म्हणणं, हे सगळं दुसऱ्यांच्या चालींवरचं स्वस्त संगीत आहे, यात वेळ घालवू नये. (नागपूर)

सरांचा मान ठेवून सांगते, मला हे पटत नाही. त्या काळात चालींची कडबोळी करून विकणारे भरपूर होते हे खरं, शूमान त्यांच्यावर तुटूनच पडायचा. पण त्याच शूमानने 1831 मध्ये शोपँला जे डोक्यावर घेतलं ते 'डॉन जोव्हानी'तल्या चालीवरच्या व्हेरिएशन्ससाठीच. ग्रामोफोन नव्हता, ऑपेरा हाऊस मोठ्या शहरांतच, तेव्हा घरोघरी ऑपेरा पियानोवरूनच पोचायचा. गोविंदराव टेंबेंच्या पेटीवर नाट्यपदं ऐकणाऱ्याला कुणी स्वस्त म्हणेल का? आणि लिस्ट नुसत्या चाली ओवत नाही. 'डॉन जुआन'ची सुरुवातच तो डॉन जुआनच्या हातून मेलेल्या कोमेंदातोरेच्या भीषण स्वरांनी करतो, म्हणजे शिक्षा आधी, मग ते गोड प्रेमगीत, मग शॅम्पेनचं गाणं. प्रेमगीत ऐकतानाही आपल्याला शेवट ठाऊक असतो, अंगावर काटा येतो. 'रिगोलेत्तो'त ड्यूक लाघव करतोय, माद्दालेना हसतेय, जिल्दाचे हुंदके आणि बापाचा संताप, हे चारही दहा बोटांत वेगळे ऐकू यायला हवेत. सरांना एकदा तुमच्यासोबत बसून हे ऐकायची विनंती करा, त्यांच्याशी बोलूनच ठरवा, मागे लपून शिकू नका.

'लिस्टचं ओरिजिनल' म्हणून 'रिगोलेत्तो'ची पीडीएफ विकत घेतली, फक्त चार पानं आहे आणि सी मेजरमध्ये. बरोबर आहे ना? (सोलापूर)

नाही. लिस्टचं डी फ्लॅट मेजरमध्ये आहे आणि बरंच मोठं आहे. तुम्हाला सोपी केलेली आवृत्ती 'ओरिजिनल' म्हणून विकलीय, पैसे परत मागा. लिस्टला जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, जुन्या छापील आवृत्त्या कॉपीराइटमुक्त आहेत आणि फुकट मिळतात. डाऊनलोड करण्याआधी कुठली आवृत्ती ते शिक्षकांना विचारा.