पडद्यावरचा पांढरा रस्सा

प्रश्न : दूरचित्रवाणीवरील नामवंत शेफ अर्ध्या तासात पांढरा रस्सा करून दाखवतात; आमच्याकडे मात्र तो फुटतो. अशा कार्यक्रमांवर कितपत विसंबावे? (एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : १९९३ साली ‘खाना खजाना’ सुरू झाल्यापासून संजीव कपूर यांच्यासारख्या शेफनी अनेक घरांतल्या स्वयंपाकाला मोजमापाची शिस्त लावली, हे मान्यच करायला हवे. तथापि मटणाचे अळणी पाणी तयार होण्यास लागणारा वेळ संकलनात कापला जातो, आणि नारळाचे दूध घातल्यावर आच मंद ठेवून रस्सा सतत ढवळावा लागतो, त्याला खळखळून उकळी येऊ द्यायची नसते, ही कळीची गोष्ट सूत्रसंचालिकेच्या कौतुकात हरवते. (ते कौतुक घास तोंडात जाण्यापूर्वीच सुरू होते!) प्रमाण पडद्यावरून खुशाल घ्यावे, आचेचे मात्र घरातल्या जाणत्या बाईमाणसाला विचारावे.